आधी विचारा, मग बसा

रमजानचा चाँद दिसला की फोर्टमधल्या त्या बँकेच्या कचेरीत दुसऱ्याच दिवशी एक प्रश्न टेबलाटेबलावरून फिरू लागतो : "यंदा मोहम्मद अली रोडला कधी नेणार?" प्रश्न ज्याला विचारला जातो तो श्रीवर्धनकडचा कोकणी मुसलमान. राहायला डोंगरीत. शाखेत मुस्लिम कर्मचारी दोनच. दुसरा मुंब्र्याचा, त्याला इफ्तारच्या आत घर गाठायची घाई. त्यामुळे दरवर्षी यजमानपद डोंगरीवाल्याच्याच गळ्यात पडतं.

असा एक सहकारी मुंबईतल्या बहुतेक कचेऱ्यांत असतो. महिनाभर तो रोजे ठेवतो, दुपारी इतरांचे डबे उघडतात तेव्हा फाइलीत डोकं घालतो आणि एका संध्याकाळी सगळ्यांना घेऊन मिनारा मशिदीच्या रस्त्याला लागतो. बरोबरच्यांना वाटतं, याला काय, याचा तर मोहल्लाच आहे! पण आठ जणांना घेऊन जेवायला बसण्याजोगी एक चांगली जागा शोधणं हे त्या मोहल्ल्यात जन्म काढलेल्यालाही सोपं नाही. रमजानमध्ये तर नाहीच.

मुळात जेवायचं कधी, इथूनच सुरुवात होते. पाहुण्यांना दिव्यांची रोषणाई हवी असते, म्हणून ते मगरिबनंतर लगेच, सात-साडेसातला येऊन धडकतात. त्या वेळी रोजेदाराच्या पोटात खजूर, कापलेली फळं, दोन भजी आणि सरबत गेलेलं असतं. त्याला खरी भूक अजून लागायची असते आणि पुढे इशाची नमाज असते. तिला जोडून तरावीह. वीस रकात आणि त्यांत कुरआनचं पठण, म्हणजे मशिदीप्रमाणे तास-सव्वा तास सहज जातो. मोहल्ल्यातला माणूस निवांत जेवायला बसतो तो त्यानंतर, दहाच्या पुढे. हॉटेलांचे भटारी हे ओळखून असतात. निहारी, पाया, खिचडा हे सगळं तासन् तास मंद आचेवर मुरणारं. सातला वाढलेली निहारी आणि दहाला वाढलेली निहारी यांत जमीनअस्मानाचं अंतर असतं. मुळात हा पदार्थ सकाळचाच. अरबीतल्या 'नहार', म्हणजे दिवस, या शब्दावरून त्याचं नाव पडलं. रात्रभर शिजवून फज्रनंतर खायचा. रमजानमध्ये दिवसा खाणं नाही, म्हणून तो रात्रीकडे सरकला आणि सहरीपर्यंत पुरू लागला.

तेव्हा पहिली गोष्ट अशी, की घाई करू नये. शनिवार-रविवार टाळावा. शेवटच्या दहा दिवसांत ईदच्या खरेदीची गर्दी खाण्याच्या गर्दीत मिसळते, तेव्हा मुलाबाळांना घेऊन येऊच नये. मशीद बंदर स्टेशनवर उतरून चालत यावं. गाडी आणली तर ती लावण्यातच भूक मरते. जेजे उड्डाणपूल २००२ साली झाला, तेव्हापासून वाहनं डोक्यावरून निघून जातात खरी, पण रमजानच्या रात्री पुलाखालचा रस्ता माणसांचाच असतो.

आता कुठे बसायचं? मिनारा मशिदीच्या बाजूच्या गल्लीत शिरलं की दोन्ही हातांना मांडण्या. सळयांवर लटकलेल्या लालभडक कोंबड्या, तव्यावर कलेजी-गुर्दा, एकीकडे बैदा रोटी. त्यातला लाल रंग चवीचा नसतो, दिव्याखाली उठून दिसण्यासाठी असतो. मोहल्ल्यातले लोक या मांडण्यांवर क्वचितच जेवतात, हे पाहुण्यांना कुणी सांगत नाही. जेवायला ते भेंडीबाजारच्या नाक्यावर किंवा नागपाड्याकडे सरकतात, बोहरी मोहल्ल्यात खारा टँक रोडला वळतात. भेंडीबाजारचं नूर मोहम्मदी १९२३ पासून आहे. तिथली नल्ली निहारी खाल्ल्याशिवाय मुंबई पाहिली असं म्हणू नये, असं म्हणणारे पुष्कळ. बोहरी मोहल्ल्यातली बारा हंडी ही आणखी वेगळी चीज : एकाच ओट्यात पुरलेल्या बारा हंड्या, त्यांची तोंडं कणकेने बंद केलेली, खाली रात्रभर जाळ. एकीत पाया, एकीत नल्ली, एकीत पिछोटा म्हणजे शेपटी. सगळ्यांतलं थोडं थोडं एकत्र मागितलं तर त्याला म्हणायचं भेळ. गिरगावातल्या माणसाला हे नाव ऐकून हसू येतं.

इथपर्यंतची माहिती कुणीही सांगेल. डोंगरीवाल्याची चिंता वेगळी असते. बरोबरच्या आठांपैकी दोघे सगळं खातात. कर्ज विभागातला एक तरुण तर 'जे समोर येईल ते' या पंथाचा. पण रोखपाल असलेल्या ताई कोंबडी-बकरा खातात, बडे खात नाहीत. आणखी एक मॅडम शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. त्या येतात त्या रोषणाई बघायला आणि फिरनीसाठी.

'बडे' आणि 'छोटे' हे दोन शब्द या भागातल्या प्रत्येक हॉटेलात दिवसातून हजारदा उच्चारले जातात. छोटे म्हणजे बकरा. बडे म्हणजे म्हशी-रेड्याचं मांस. राज्यात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आलीच होती. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती कायदा लागू झाला आणि बैल-वळूही तिच्यात आले. तेव्हापासून बडे म्हटलं की म्हैसवर्गच. हे कायद्याचं झालं. पण ताईंसारख्या माणसाचा प्रश्न कायद्याचा नसतो. त्यांच्या घरी ते चालत नाही, एवढंच. त्याला दुसरं कारण लागत नाही आणि कुणी मागूही नये.

तीन वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये हाच शब्द कुणी उच्चारला नाही. गर्दी होती, हॉटेलात जागा मिळेना, म्हणून सगळे एका मांडणीपाशी उभे राहिले. सीख कबाबचे रोल आले, वाटले गेले. ताईंनीही खाल्ला. चांगला झालाय म्हणाल्या. मग मांडणीवाल्याने पैसे घेताना गल्ल्यावरच्या पोराला ओरडून हिशेब सांगितला, "बडे का आठ!" डोंगरीवाल्याला वाटलं होतं, ऑर्डर देणाऱ्या तरुणाने विचारलं असेल. तरुणाला वाटलं होतं, हा मोहल्ल्यातला, याला ठाऊकच असणार. ताईंनी कागद चुरगळून डब्यात टाकला, बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि "चला, फिरनी खायची ना?" म्हणाल्या. बस्स. त्या रात्री लोकलमध्ये कुणी फारसं बोललं नाही.

त्या रात्री डोंगरीवाल्याला सहरीपर्यंत झोप लागली नाही. मेहमान आपल्या दस्तरखानावर बसला आणि त्याच्या तोंडात त्याला नको ते गेलं, ही यजमानाला लागणारी गोष्ट. आपल्या ताटात कुणी फसवून डुकराचं वाढलं असतं तर, हा विचार त्याच्या मनात आला आणि तो उठून बसला. फसवलं कुणीच नव्हतं. मांडणीवाल्याला कुणी विचारलंच नव्हतं. पण विचार काही जाईना.

आठ-दहा दिवसांनी चहाच्या वेळी ताईंनीच विषय काढला. "अरे, तू तोंड का पाडून बसलास? चूक माझी. विचारायचं मीच होतं. पण मला वाटलं, तुझ्या सणाच्या दिवशी, तुझ्याच गल्लीत असलं विचारलं तर तुला काय वाटेल?"

तो म्हणाला, "आणि मला वाटत होतं ताई, मी आपणहून सांगितलं तर तुम्हाला काय वाटेल. लोक काही बोलायला लागतात ना या विषयावर..."

दोघांनीही एकमेकांच्या मनाची काळजी घेतली होती आणि त्या काळजीतच घोळ झाला होता. या शहरात असं फार होतं. भांडणं होतात ती दिसतात. संकोचाने न विचारलेल्या प्रश्नांची कुठे नोंद होत नाही.

गंमत अशी, की हाच प्रश्न उलट्या दिशेने डोंगरीवाला स्वतः वर्षभर विचारत असतो. बँकेचं दिवाळीचं जेवण लोअर परळच्या एखाद्या झगमगीत हॉटेलात ठरलं की तो जागेवरून उठतो, लांब उभ्या मॅनेजरकडे जातो आणि हळूच विचारतो, "चिकन हलाल आहे का?" सगळ्यांसमोर विचारायला त्यालाही अवघड वाटतं. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, "येस सर, हो हो, सगळं हलाल!" इतक्या लगेच, की त्याचा विश्वास उडतो. तो येऊन डाळ-भात मागवतो. एकदाच एका जागी मॅनेजर म्हणाला होता, "थांबा, आत विचारून येतो." पाच मिनिटांनी येऊन त्याने सांगितलं, "चिकन हलालवाल्याकडून येतं. मटणाचं मला खात्रीने सांगता येणार नाही." त्या दिवशी तो पोटभर जेवला.

चांगलं हॉटेल ओळखायची ही खूण त्याला तिथे सापडली. आता तो मोहम्मद अली रोडलाही तीच लावतो. जो वेटर प्रश्न संपायच्या आत 'हां हां, छोटे का है' म्हणतो, तिथून तो पाहुण्यांना उठवतो. जो म्हणतो, 'रुको, भटारखाने में पूछता हूँ,' त्याच्याकडे बसतो. चव, गर्दी, भिंतीवरचे नटनट्यांचे फोटो हे सगळं त्यानंतर.

आणि नुसतं बडे-छोटेवर थांबत नाही. शेगडी एकच आहे की वेगळी? सीख भाजायच्या सळया तेवढ्याच आहेत की दोन? बडेचा तवा पुसून त्यावरच कोंबडी परततात का? लहान हॉटेलांत जागा एवढीशी असते. तिथे बहुधा तवा एकच. नेकीने धंदा करणारा वेटर ते लपवत नाही. तो म्हणतो, "तवा एकही है बहन, तंदूर का लो, वो अलग है." शाकाहारी मॅडमनाही तो सरळ सांगतो, डाळ-पालक मिळेल, पण डाव आणि भटारखाना एकच. मग त्यांनी ठरवावं. त्या ठरवतात आणि रोटी-डाळीवर न जाता थेट फिरनीपाशी पोहोचतात. यात कुणाचा अपमान होत नाही. उलट वेटरचा जीव भांड्यात पडतो. कारण चुकून वाढलं गेलं तर नंतर बोल त्यालाच लागतात, आणि या दिवसांत एखाद्या हॉटेलचं नाव खराब व्हायला एक व्हिडिओ पुरतो.

हे वेटर आणि भटारी बहुतेक उत्तर प्रदेश, बिहारकडचे. स्वतः रोजे ठेवून दुपारपासून चुलीपुढे उभे. मीठ किती पडलं, हे चाखून पाहायचं तर दिवस मावळायचा असतो. स्वयंपाक करणाऱ्याने गरजेपुरती जिभेच्या टोकावर चव पाहून थुंकून टाकली तर रोजा मोडत नाही, असं उलेमा सांगतात. तरी अनेक भटारी तेवढंही करत नाहीत. वासावर आणि हाताच्या अंदाजावर हंडी लावतात. अजान झाली की खजूर तोंडात टाकायचा, पाण्याचा घोट घ्यायचा आणि लगेच हंडीचा रस्सा बोटावर घेऊन पाहायचा. त्या वेळी भटारखान्यात डोकावलं तर सगळे शांत असतात. मीठ बरोबर निघालं की मगच आवाज सुरू होतात. सातला जेवायला बसू नये, याचं हे आणखी एक कारण. भटाऱ्याने स्वतः अजून चव पाहिलेली नसते.

इफ्तारच्या वेळेला मात्र जरूर यावं, पण जेवायला नव्हे. नुसतं बसायला. अनेक हॉटेलांत त्या वेळी प्रत्येक टेबलावर खजूर आणि फळांची बशी ठेवलेली असते, बसेल त्याच्यासाठी. धर्म विचारत नाहीत, बिलात लावत नाहीत. डोंगरीवाला एका वर्षी सगळ्यांना त्या वेळी घेऊन गेला. दुपारी डबे खाल्लेली माणसं, त्यांना कसली भूक? पण समोर बशी असून टेबलावरचा एकही हात हलत नाही, पलीकडे एक हमाल, एक टॅक्सीवाला, एक शाळकरी पोरगा डोळे मिटून दुआ मागताहेत, हे पाहून यांचेही हात आपोआप मांडीवर आले. 'समोर येईल ते'वाल्या तरुणाने एक फोड उचलली होती, ती त्याने गुपचूप परत बशीत ठेवली. अजान झाल्यावर पलीकडच्या हमालाने त्याच्याकडे पाहिलं आणि "लो भाई, अब लो" म्हणाला.

कुटुंबं घेऊन येणाऱ्यांसाठी वरच्या माळ्यावर 'फॅमिली रूम' असते. जिना अरुंद, छत इतकं खाली की उंच माणसाने मान वाकवूनच जावं. पंखा कानाशी. पण तिथे आवाज कमी आणि वेटर जुना असतो. खाली नवे वेटर, वर जुने, अशी पद्धत अनेक हॉटेलांत दिसते. जुन्या वेटरला सगळं ठाऊक असतं : आज खिचडा संपत आलाय, पाया अजून तासाभराने घ्या, नल्ली दोघांत एक पुरेल. तो कमी मागवायला सांगतो. ही दुसरी खूण. ज्याला बिल वाढवायचं असतं तो असं सांगत नाही.

गोडासाठी मात्र बाहेर पडायचं. सुलेमान उस्मान मिठाईवाला १९३६ पासून तिथे आहे. मातीच्या वाडग्यातली फिरनी रमजानमध्ये रात्री किती संपते, याचा अंदाज बाहेर रचलेल्या वाडग्यांच्या ढिगावरून घ्यावा. फिरनी तांदूळ आणि दुधाची, शाकाहाऱ्यांना बिनधास्त. पण या भागातल्या रमजानच्या मालपुव्यात अंडी असतात. समोरच फोडून घालतात, तरी दिव्यांच्या झगमगाटात लक्ष जात नाही. कोकणातल्या माणसाने आणखी एक शोधावं : वाफवलेले पांढरे तांदळाचे गोल, वर मलई. इथे त्याला सांदल म्हणतात. ते पाहिलं की डोंगरीवाला हमखास थांबतो. गावाकडे त्याची आजी सांदण करायची. ताईंचं माहेर चिपळूणजवळचं. त्यांच्याकडे सांदण फणसाच्या रसातलं. दोघांत दरवर्षी वाद होतो, खरं सांदण कुणाचं. तो अजून मिटलेला नाही. बोहरी मोहल्ल्यात वळलं तर १८८७ पासूनचं ताज आइस्क्रीम आहे, हाताने फिरवलेल्या लाकडी संच्यातलं, फळांचे तुकडे दाताखाली येणारं. तिथे मात्र कुणालाच काही विचारावं लागत नाही.

गेल्या रमजानमध्ये तरावीह आटोपून डोंगरीवाला नाक्यावर आला तेव्हा सगळे उभेच होते. सव्वादहा झाले होते. माळ्यावर टेबल मिळालं. जुना वेटर आला, खांद्यावरचं फडकं टेबलावर फिरवलं. डोंगरीवाला तोंड उघडणार, तेवढ्यात ताईच म्हणाल्या, "भैया, सीख बडे का है के छोटे का?" शेजारच्या टेबलावरच्या बुरख्यातल्या एका बाईंनी मान वळवून पाहिलं आणि परत आपल्या ताटात बघू लागल्या.

वेटर म्हणाला, "सीख बडे का. बोटी छोटे का." मग क्षणभर थांबला. "बोटी सीख की शेगडी पे ही सेंकते हैं. रुको, खाली शेगडी पे अलग सेंकवा देता हूँ. दस मिनिट लगेगा."

"लागू दे," ताई म्हणाल्या.

दहाची वीस मिनिटं झाली. तोवर नल्ली आली, मऊ रोट्या आल्या, तरुणाने हाड ताटावर आपटून मगज काढायचा प्रयत्न केला आणि शर्टावर डाग पाडून घेतला. मॅडम लिंबू-सरबत पीत त्याला हसत होत्या. बोटी आली तेव्हा वेटरने ती थेट ताईंसमोर ठेवली, इतरांच्या बशीपासून लांब, आणि चमचाही वेगळा दिला.

बाहेर पडल्यावर मॅडमनी आईसाठी फिरनी बांधून घ्यायचं ठरवलं. या वेळी त्यांनीही विचारलं, "यात अंडं?"

"फिरनी में नहीं," दुकानदार म्हणाला. "मालपुआ में है. वो मत लेना."

मॅडमनी सहा वाडगे घेतले. सुतळीने बांधलेली ती चळत मांडीवर धरून त्या शेवटच्या लोकलमध्ये बसल्या, गाडी हलली की वाडगे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून वरून तळहात ठेवून.